मागच्या खोलीची उंची

ऑस्ट्रेलियात टूवूंबा गावी माधवच्या घराची मागची खोली १९९६च्या नोव्हेंबरात वर गेली, ती अजून खाली आलेली नाही. पण असं काही झालेलंच नाही, हे माधव आणि त्याची बायको पद्मा यांनी चहा पिताना एकमताने ठरवलं आहे, तेव्हा ते सोडून देऊ.

झालं ते एवढंच, की आप्पांना कंटाळा आला होता.

आप्पा म्हणजे माधवचे वडील. मुंबईच्या एका वर्कशॉपमध्ये त्यांनी चौतीस वर्षं विमानांची दुरुस्त इंजिनं लोखंडी चौथऱ्याला बांधून पूर्ण ताकदीने पळवली. त्यातलं एकही जागचं हललं नाही. न हलणं हीच परीक्षा. आई गेल्यावर माधवने त्यांना सहा महिन्यांच्या व्हिसावर बोलावून घेतलं, पण टूवूंबात गाडी नसलेला माणूस म्हणजे कुंडीतलं झाड. पद्मा हॉस्पिटलात शिफ्टला, माधव युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत, इलेक्ट्रॉनिक्स शिकवायला, आणि आप्पा मागच्या व्हरांड्याला काचा लावून केलेल्या खोलीत, शेजाऱ्यांच्या कुत्र्याकडे बघत.

"तिकीट अलीकडचं करून मिळेल का रे?" ते रोज विचारायचे.

माधवला नेमकं उलटं हवं होतं. व्हिसा वाढवावा, आप्पांनी राहावं. पण 'राहा ना' असं तोंडाने म्हणायची त्या घराण्यात पद्धत नव्हती. म्हणून त्याने कॉम्प्युटरवर विमान चालवायचा खेळ आणला.

आप्पांनी त्याच्यासोबत आलेला थ्रॉटल, इंजिनाची ताकद कमीजास्त करायचा दांडा, दोन बोटांनी मागेपुढे केला. "ह्याला वजन नाही, माध्या. हे पंख्याचं बटण आहे."

मग माधवने भंगारातल्या एका यूटचा, म्हणजे मागून उघड्या छोट्या ट्रकचा, हँडब्रेक आणला. त्याच्या बुडाशी नवा पॉट जोडला. दांडा किती फिरला हे कॉम्प्युटरला कळवणारा तो बुटका गोल तुकडा. हाताला जड लागावं म्हणून चामड्याच्या चकत्या आवळल्या आणि सगळं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसवलं. आप्पांनी डोळे मिटून दांडा पुढे ढकलला.

"आता बोलतंय," ते म्हणाले.

तिकिटाचं विचारणं त्या दिवसापासून बंद झालं.

खंडेनवमीला आप्पांनी वर्कशॉपच्या रिवाजाप्रमाणे थ्रॉटलची पूजा केली. हळद, कुंकू, बागेतलं एक फूल. त्या दिवशी हत्याराला विश्रांती द्यायची असते. आप्पांनी ती अकरा मिनिटं दिली आणि विमानाची एक फेरी मारून आले. दांडा हलला तसं कुंकू फटीतून थेट पॉटमध्ये उतरलं. तेव्हापासून दांडा पार मागे ओढला तरी पडद्यावर चार टक्के ताकद शिल्लक राहायची.

"उघडून साफ करतो," माधव म्हणाला.

"राहू दे. चार टक्क्यांनी काय होतंय?"

पहिल्यांदा चहा बिघडला. आप्पांच्या खोलीतल्या किटलीचं पाणी खळखळा उकळायचं, पण चहाला रंग म्हणून येईना. माधवने युनीतून थर्मामीटर आणला. स्वयंपाकघरात पाणी सत्त्याण्णव अंशांना उकळलं. उंचीवर पाणी लवकर उकळतं आणि टूवूंबा डोंगरावर आहे, ठीक. तीच किटली मागच्या खोलीत नेली. एक्क्याण्णव. पुढच्या आठवड्यात चौऱ्याऐंशी. त्याने आकडे वहीत लिहिले आणि थर्मामीटर बदलून आणला. नवाही तेच म्हणाला.

मग आप्पांच्या टेबलावरचं चिप्सचं पाकीट, न फोडलेलं, उशीसारखं फुगलं.

"माधव, त्या दारातून आत जाताना तुझ्या कानांना दडे बसतात का रे?" पद्माने एकदा सहज विचारलं.

"सर्दी असेल."

"दोघांना? आणि फक्त उंबऱ्यावर?"

तिने हॉस्पिटलातून बोटाला लावायचं यंत्र आणलं. आप्पांच्या रक्तात प्राणवायू ब्याऐंशी टक्के निघाला. स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसवल्यावर सत्त्याण्णव.

"आप्पा, तुम्ही त्या खोलीत बसायचं नाही. डॉक्टर म्हणून सांगतेय."

"सून म्हणून काय सांगतेस?"

"मफलर घाला."

त्यांनी घातला. बाहेर तीस अंशांचं ऊन होतं, आणि त्यांच्या खिडकीच्या काचेला आतून बर्फाची नक्षी धरली होती.

अठ्ठावीस नोव्हेंबर. व्हिसा संपायला दोन दिवस. दुपारी माधव युनीतून लवकर आला, मागच्या खोलीच्या बंद दारासमोर उभा राहिला आणि त्या घराण्यात कुणी न म्हटलेलं वाक्य म्हणाला.

"आप्पा, राहा ना इथे."

आतून इंजिनाची घरघर येत होती.

"आत्ता सांगतोस होय? थांब, येतो खाली."

दांडा मागे ओढल्याची करकर आली. घरघर कमी झाली. थांबली नाही.

"माध्या, चार टक्के राहतायत रे."

माधवने दार ओढलं. ते पलीकडून कुणी धरल्यासारखं घट्ट. किल्लीच्या भोकातून वारा शीळ घालत आत जात होता.

त्याने मीटरपाशी जाऊन सगळ्या घराची वीज बंद केली.

फ्रिज थांबला. पंखे थांबले.

घरघर चालूच.

पुढच्या सोमवारी त्याने व्हिसा अधिकाऱ्यांना पत्र लिहिलं. पद्माने शुद्धलेखन तपासलं.

'महोदय, माझे वडील श्री. श्रीनिवास हे मुदतीच्या दोन दिवस आधीच देश सोडून वर गेले आहेत, याची नोंद घ्यावी. त्यांचा पासपोर्ट सोबत जोडता येत नाही; दाराखालून आत सरकवताना तो हातातून खेचला गेला. त्यांची प्रकृती उत्तम असून ते रोज चार वाजता उंची सांगतात. आवाज पूर्वी दारापलीकडून येत असे, शनिवारपासून छपराच्या वरून येतो. सबब नम्र विनंती, की त्यांना आमच्या मागच्या खोलीसकट खाली उतरण्याची परवानगी द्यावी, आणि मुदतीच्या रकान्यात तारखेऐवजी "येतील तेव्हापासून पुढे" असे लिहून मिळावे.'