जांभळा स्वल्पविराम

"गरुड!"

"मगर!"

"गरुड म्हणजे गरुड! तीन पंखे आहेत त्याला, तीन!"

"मग काय, कॉम्प्युटर उडवायचाय का? मगरीला दोनच आहेत, पण खेळताना चित्र एकदाही अडकत नाही!"

सकाळी नऊपासून हे चाललं होतं. मामाच्या दुकानातल्या टेबलावर ग्राफिक्स कार्डांची दोन खोकी होती, एक पिवळं आणि एक निळं, आणि दोन बाजूंना दोन वीर. पिवळ्या खोक्यातल्या गरुड कंपनीची बाजू भिंगरीचा मामेभाऊ वकील लढवत होता. वकील हे त्याचं आडनाव नव्हे. जन्मल्यावर तो रडला नाही, त्याने हरकत घेतली, असं मामी सगळ्यांना सांगायची. निळ्या खोक्यातल्या मगर कंपनीच्या बाजूने शेजारचा पहिलवान होता. त्याला कुणी जोरात फुंकर मारली असती, तरी तो आडवा झाला असता!

"भिंगरी, आता तूच सांग! कॉम्प्युटर तुझा आहे," वकील म्हणाला.

होता खरा तिचा. 'सुट्टीत ये, तुला गेम खेळायचा कॉम्प्युटर माझ्या हाताने बांधून देतो,' असं मामाने कबूल केलं होतं. घाऊक माल विकणाऱ्या शेठकाकांनी दोन्ही कंपन्यांची कार्डं पाठवली होती. आवडेल ते ठेवायचं, दुसरं परत करायचं. एरवी भिंगरीने दुकानभर गिरक्या घेतल्या असत्या. पण मामा कोपऱ्यात तोंड पाडून बसला होता, आणि त्याच्याकडे बघून तिला गरुडही नको वाटत होता आणि मगरही.

गेल्या महिन्याभरात मामाने बांधलेले दोन कॉम्प्युटर जळले होते. पहिला एका चित्रकार बाईंचा. आणि दुसरा पहिलवानच्याच घरी, त्याची दोन वर्षांची बहीण छकुली झोपली होती त्या खाटेपासून चार हातांवर! पहिलवानचे बाबा अग्निशामक दलात, म्हणून आग जागच्या जागी विझली. पण त्यांनी मामाला दारातच सांगितलं होतं, "तुमच्या हातचं काही आता माझ्या घरात येणार नाही." पहिलवानलाही या दुकानात यायची बंदी होती. आज तो 'वाचनालयात जातो' अशी थाप मारून आला होता.

"हे शेवटचं मशीन," मामा उठत म्हणाला. "नीट चाललं तर ठीक. नाहीतर दारावरची पाटी उतरवायची. दुकानाला पूर्णविराम!"

"असं काय बोलतोस रे, मामा!"

"दोनदा आग लागली, बाळा. वायरी मीच जोडल्या होत्या."

वकिलाने खिशातून नाणं काढलं.

नाणं उडवलं. मगर! पहिलवानने अर्धी उडी मारली. मामाने निळ्या खोक्यावरचं प्लास्टिक फाडलं, चकचकीत कार्ड बाहेर काढलं, मशीनमध्ये बसवलं आणि बटण दाबलं. पंखे घुं घुं करू लागले. पडदा उजळला.

आणि मग तो वास आला.

आधी अगदी बारीक. तव्यावर काहीतरी विसरल्यासारखा. मग घशात शिरणारा, कडवट. पहिलवानचं तोंड पांढरंफटक पडलं. "हाच," तो पुटपुटला. "आमच्या घरी आधी हाच वास आला होता!"

भिंगरीने झडप घालून प्लग उपटला! पंखे गप्प झाले. कार्डाच्या कडेने धुराची एक बारीक रेघ वर चढली आणि विरली.

मामाने स्टूल उचललं, स्क्रूड्रायव्हर घेतला आणि तो दाराकडे चालू लागला.

"अरे, पाटी उतरवतोय तो!" वकील घाबरून म्हणाला. "काहीतरी करा!"

काय करणार? भिंगरीने कार्ड निवू दिलं आणि ओढून काढलं. उलटंपालटं करून बघताना तिचा हात थांबला. मागच्या बाजूच्या एका स्क्रूवर जांभळा डाग होता.

"मामा! या कार्डाला तू ठिपका कधी लावलास?"

"मी?" मामा स्टुलावरूनच म्हणाला. "खोकं तर तुमच्यासमोर फोडलं."

मामाची एक खोड होती. बसवलेल्या प्रत्येक कार्डाच्या एका स्क्रूवर तो मामीच्या जांभळ्या नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा, अर्धा स्क्रूवर आणि अर्धा पत्र्यावर. कुणी तो स्क्रू फिरवला की ठिपका तुटलाच म्हणून समजा! 'बाटल्या माझ्या आणि नखं रंगतात कॉम्प्युटरची,' असं मामी कुरकुरायची. हा ठिपका मधोमध तुटलेला होता. शिवाय त्याला एक वाकडं शेपूट होतं.

पहिलवान वाकून बघू लागला, आणि एकदम ओरडला, "स्वल्पविराम! हा आमच्या छकुलीचा स्वल्पविराम आहे!"

"काय बरळतोस?"

"अरे, मामा आमच्याकडे कार्ड बसवत होते ना, तेव्हा छकुली 'मी, मी' करत आली आणि तिने ओल्या ठिपक्यावरून बोट ओढलं. त्याचा स्वल्पविराम झाला म्हणून सगळे हसलो होतो! मामा, आठवतंय ना?"

मामाला आठवत होतं. तो स्टुलावरून हळूच खाली उतरला.

"हरकत आहे," वकील म्हणाला, पण त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "तुमच्याकडे गरुड होता. हे कार्ड मगरीच्या खोक्यातून निघालंय."

पहिलवानच्या घरी जळलेलं कार्ड मामाने स्वतः शेठकाकांना नेऊन दिलं होतं. 'हातोड्याने फोडून भंगारात टाकतो,' असं ते म्हणाले होते. तेच कार्ड नवा पंखा आणि नवं नाव लावून परत आलं होतं! भिंगरीच्या अंगावर काटा आला. आणखी किती घरांत अशी कार्डं चालू असतील, या क्षणी?

"म्हणजे तुझ्या वायरी बरोबरच होत्या, मामा!"

"एका स्क्रूवरून कोण विश्वास ठेवणार?" मामा म्हणाला. "शेठ म्हणतील, ठिपका आत्ता लावला. तीस वर्षांचं नाव आहे त्यांचं. माझं काय आहे आता?"

"माझे बाबा ठेवतील विश्वास," पहिलवान म्हणाला. मग त्याला आठवलं की बाबांना आधी वाचनालयाची थाप कबूल करावी लागेल. तरी तो निघाला.

बाबांनी सगळं ऐकलं. कार्ड खिडकीशी नेऊन त्यांनी तो जांभळा डाग बराच वेळ बघितला. "त्या दिवशी तिचं बोट मी चोळून चोळून धुतलं होतं," ते सावकाश म्हणाले. "रंग दोन दिवस जाईना." मग त्यांनी बूट चढवले. "पण हे मला शेठच्या तोंडून ऐकायचंय. आणि पहिलवान, तुझ्या वाचनालयाचं नंतर बघू!"

दुपारी शेठकाकांच्या दुकानात पिवळं खोकं घेऊन वकील शिरला. "काका, गरुड घ्यावा की मगर? माझे सतरा प्रश्न आहेत. प्रश्न पहिला..."

शेठकाका हसले. गोड माणूस! कधी आवाज चढवत नसत. पाचव्या प्रश्नाला त्यांनी कपाळ पुसलं, आणि त्यांच्या पाठीमागून भिंगरी आत सटकली.

आतला बोळ अरुंद होता. दोन्ही बाजूंना छतापर्यंत खोकी. वरची ट्यूबलाइट फडफडत होती. जसजशी ती पुढे गेली तसतसा वास वाढला, तोच कडवट वास. टोकाच्या खोलीत एक चष्मेवाला कारागीर पाठमोरा बसला होता. समोर पावाच्या भट्टीसारखी भट्टी, आणि तिच्या ट्रेमध्ये उघडीवाघडी कार्डं ओळीने ठेवलेली. काही कार्डं कडेने काळी पडली होती. बाजूला रिकाम्या खोक्यांचा ढीग होता, पिवळी आणि निळी एकत्रच.

"शेठ, याला पिवळं खोकं की निळं?" कारागिराने मागे न बघता विचारलं.

"जे हाताला लागेल ते."

उत्तर भिंगरीच्या अगदी कानामागून आलं! तिने दचकून वळून बघितलं. शेठकाका दारात उभे होते. त्यांनी दार ओढलं आणि कडी घातली.

"वाट चुकलीस वाटतं, बाळ?" ते गोड आवाजात म्हणाले.

भिंगरी एक पाऊल मागे सरकली. तेवढ्यात तिचं लक्ष मागच्या गल्लीत उघडणाऱ्या शटरकडे गेलं. ते जमिनीपासून वीतभर वर होतं. त्या फटीत दोन मोठे काळे बूट दिसत होते, आणि त्यांच्या शेजारी दोन काडीसारखे पाय!

भिंगरीच्या जिवात जीव आला. ती मुद्दाम मोठ्याने म्हणाली, "शेठकाका, जळलेली कार्डं तुम्ही हातोड्याने फोडता ना? मामा म्हणत होता."

"तुझा मामा भोळा आहे गं. फोडायचं कशाला? भाजायचं, पुसायचं, नवा पंखा लावायचा. पुन्हा चालतं काही दिवस."

"आणि आग लागली तर?"

"तर वायर जोडणाऱ्याची चूक!" शेठकाका हसले. "आणि हे तू बाहेर सांगितलंस, तर तुझ्या मामाची पाटी मी स्वतः उतरवीन. पोरीचं ऐकणार आहे कोण?"

"मग गरुड आणि मगर यांत फरक तरी काय?" भिंगरी जवळजवळ किंचाळलीच.

"खोक्याचा!"

खडाड्! शटर वर गेलं. पहिलवानचे बाबा आत आले. "आधी ती भट्टी बंद करा," ते कारागिराला म्हणाले. मग शेठकडे वळले. "मी ऐकलं. शब्द न् शब्द."

"अहो साहेब, पोरांचा खेळ हो..."

"माझी पोर चार हातांवर झोपली होती, शेठ."

शेठकाकांचा गोड आवाज तिथेच संपला. पलीकडून दार धडाधडा वाजलं. "प्रश्न तेरावा!" वकील ओरडत होता. "माझी बहीण कुठे आहे?"

संध्याकाळपर्यंत अधिकारी आले, दुकानाला सील लागलं. ज्यांना ज्यांना शेठने कार्डं विकली होती, त्या प्रत्येकाला कॉम्प्युटर बंद ठेवा असं सांगायला माणसं धावली. पहिलवानचे बाबा मात्र तडक मामाकडे आले. पाटी एका स्क्रूवर लोंबत होती. स्टूल तिथेच होतं.

"तुम्हाला मी दारातून हाकललं. चुकलं माझं," ते म्हणाले, आणि वाकून त्यांनी स्टूल धरलं. "चढा. मी धरतो."

मामा चढला आणि उरलेले तिन्ही स्क्रू घट्ट बसवून डोळे पुसत उतरला. "पोरांनो," बाबा म्हणाले, "आग विझवणारे आम्ही खूप आहोत. लागायच्या आधी पकडणारे तुम्ही! शाबास! आणि पहिलवान, पुस्तकाचं नाव काय होतं रे?" पहिलवानने निमूटपणे कान पुढे केला.

दोन दिवसांनी सगळे दुसऱ्या दुकानात होते. लगेच "गरुड!" "मगर!" सुरू झालं.

"आधी उघडा, मग भांडा!" भिंगरीने दरडावलं. तिथल्या बाईंनी आपणहून दोन्ही खोकी उघडली आणि दोन्ही कार्डांचे स्क्रू दाखवले. सगळे कोरे करकरीत! मग पुन्हा नाणं उडवलं. पुन्हा मगर! वकिलाने नाण्यावर हरकत घेतली.

घरी मामाने कार्ड बसवलं, जांभळी बाटली उघडली आणि स्क्रूवर नेमका गोल ठिपका दिला. तेवढ्यात बाबांच्या कडेवरून छकुली झेपावली. "मी, मी!" आणि तिने ओल्या ठिपक्यावरून बोट ओढलं.

"अगं, पुन्हा शेपूट!" बाबा तिचा हात धरत ओरडले. "पुसा, पुसा ते!"

मामा महिन्याभरात पहिल्यांदाच खळखळून हसला.

"राहू द्या हो," तो म्हणाला. "मला पूर्णविराम नकोच होता."