मागच्या दारचा माठ

कुणाला खोटं वाटलं तर वाटो. ही गोष्ट माझ्या मावसबहिणीची आहे आणि क्षिप्राताई थापा मारणाऱ्यांतली नाही. शाळेत गणित शिकवते. देवळातसुद्धा फारशी जात नाही.

सत्त्याण्णव सालचा मे महिना. गुडगावातला एक नवा सेक्टर. रात्र नव्हती, अमावस्या नव्हती. भर दुपारचे दोन वाजले होते.

तरीही हे लिहिताना माझ्या अंगावर काटा आलाय.

क्षिप्रा तेव्हा दहा वर्षांची. तोवरचं सगळं आयुष्य दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलेलं. खाली उतरलं की दहा पोरं हजर. मग तिच्या बाबांनी, म्हणजे माझ्या जयंतकाकांनी, गुडगावात प्लॉटवर घर बांधलं. नवी गाडी, नवं घर, घरच्या बोअरचं पाणी. "सव्वाशे फुटांवर लागलं, बिल्कुल गोड!" हे ते आल्यागेल्याला ऐकवत.

सेक्टरात माणसं राहत होती ती चार घरांत. बाकी अर्धवट भिंती, कीकरची, म्हणजे बाभळीची, झुडपं आणि लू, ती भाजून काढणारी गरम हवा.

क्षिप्राशी खेळायला कुणी म्हणजे कुणी नव्हतं. ती मागच्या अंगणात खडूने स्टापूचे, म्हणजे आपल्या ठिकरीच्या खेळाचे, चौकोन आखायची आणि दोघींच्या पाळ्या एकटीच खेळायची. त्या दुसऱ्या, नसलेल्या मुलीला मुद्दाम जिंकू द्यायची.

अक्षय्य तृतीया आली. त्या दिवशी आपल्याकडे पितरांच्या नावाने पाण्याचा घडा दान देतात. पण द्यायचा कुणाला? दिल्लीतले ओळखीचे मराठी गुरुजी गुडगाव म्हटलं की फोनच ठेवून द्यायचे. शेवटी हेमांगीमावशीने, क्षिप्राच्या आईने, स्वतःच मागच्या दारापाशी माठ ठेवला. पाण्यात वाळ्याची जुडी सोडली.

"अहो, पितरांची नावं घ्यायची असतात. तुमच्या पणजोबांचं नाव काय?"

काका गडबडले. सगळा जन्म दिल्लीत गेलेला. "यार, ते कुणाला आठवतंय! असंच सोड पाणी."

मावशी हात जोडून म्हणाली, "या घरातले जे कोणी तहानलेले असतील, त्यांना पोचो."

बस. एवढंच म्हणाली. चूक झाली असेल तर ती इथेच.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता माठ रिकामा होता.

जमीन कोरडी. माठाला तडा नाही. काका म्हणाले, मजुरांनी प्यायलं असेल. मावशीने पुन्हा भरला.

पुन्हा रिकामा.

तिसऱ्या दुपारी क्षिप्रा जाळीच्या दाराआड दबा धरून बसली. आत आईबाबा झोपलेले. कूलर घरघरत होता. भिंतीवर चिमण्यांचा नुसता कलकलाट.

लाईट गेली. कूलर थांबला.

मग चिमण्याही गप्प झाल्या... सगळ्या एकदम.

त्या शांततेत कुणाचा तरी श्वास ऐकू आला. खर्र... खर्र... फडक्यातून ओढल्यासारखा.

माठापाशी एक मुलगी उकिडवी बसली होती.

क्षिप्राच्या वयाची. पायघोळ, लांब बाह्यांचा झगा. डोक्यावरचे केस अगदी बारीक कापलेले. तोंडावर पट्ट्याने बांधलेला जाड मास्क. तिने तो वर सरकवला आणि ती ओंजळीने पाणी प्यायली. प्यायली... प्यायली...

क्षिप्राने आधी तिचे पाय पाहिले. सरळ होते.

मग तिची सावली पाहिली.

दुपारचे दोन. माठाची सावली त्याच्या बुडाशी गोळा झालेली. त्या मुलीची मात्र लांबच लांब, पार भिंतीपर्यंत गेलेली.

शहाणं पोर असतं तर बोंब ठोकून आत पळालं असतं. पण एकटेपणा भीतीलाही गिळतो. क्षिप्राने दार उघडलं.

"स्टापू खेळशील?"

मुलीने मान वर केली. "खेळते. पण सावलीत."

तिचं नाव अवनी. मराठी मोडकंतोडकं, निम्मं हिंदी. ती रोज येऊ लागली. लाईट गेली, चिमण्या गप्प झाल्या की क्षिप्रा खडू घेऊन तयार. दोघी भिंतीच्या चिंचोळ्या सावलीत खेळायच्या. आता दुसरी मुलगी खरोखरच जिंकायची. क्षिप्रा इतकी हसायची की मावशी झोपेत कूस बदलायची.

"राहतेस कुठे गं?"

"इथेच. हेच घर."

"चल! हे तर आमचं आहे."

"आजीचं आहे. बाहेर जायचं ते सूर्य बुडताना, नाहीतर माणूस मरतं ना. आत्ता कुठे ऊन उतरलंय."

क्षिप्राने वर पाहिलं. सूर्य डोक्यावर तळपत होता.

एकदा चिमण्या गप्प झाल्या नाहीत. भिंतीवर चिवचिवत राहिल्या. अवनी थरथर कापायला लागली, क्षिप्राला येऊन बिलगली.

"ये क्या चिल्ला रहा है?"

"चिमण्या आहेत."

"म्हणजे?"

तिचे हात तव्यासारखे तापले होते, हे क्षिप्राताईला अजून आठवतं.

क्षिप्राने बोअरची गोष्ट काढली, तर अवनी म्हणाली, "तो कधीच आटला. टँकर येतो. आठवड्यातून एकदा. कधी येतच नाही. मग आजी म्हणते, मागच्या दारी जा, तिथे माठ असेल."

"तुझ्या आजीला कसं माहीत?"

अवनीने खांदे उडवले. तिकडे समोरच्या हिरवळीवर काकांचा गच्चीवरच्या टाकीला लावलेला पाइप दोन तास तसाच वाहत होता.

"मी रोज भरून ठेवीन," क्षिप्रा म्हणाली. "शप्पथ."

तेव्हापासून माठ तीच भरायला लागली.

जूनमध्ये लक्ष्मीबाई नगरातून फोन आला. जुन्या मैत्रिणीचा, लतिकाचा वाढदिवस. चार दिवस राहायलाच ये! क्षिप्रा घरभर नाचली.

निघायच्या आदल्या दुपारी अवनी आली, पण खेळली नाही. नुसतं पाणी पीत राहिली.

"आज आजी खूप रडली," ती म्हणाली. "म्हणाली, आज पोटभर पिऊन घे."

"का?"

"नाही सांगितलं."

क्षिप्राने फार विचार केला नाही. तिचं अर्धं मन लक्ष्मीबाई नगरात पोचलं होतं. चार दिवस ती हुंदडली, खो-खो खेळली, गच्चीवर झोपली. माठाची आठवण तिला एकदाही झाली नाही. आईला सांगून जायचंही राहिलं होतं.

परत आली ती थेट मागच्या दारी धावली.

माठ कोरडा ठणठणीत. तिने आत डोकावलं...

आतल्या मातीवर ओरखडे होते. पाच-पाच बोटांचे. पार तळापर्यंत. ओल शोधत खरवडल्यासारखे.

फरशीवर स्टापूचे चौकोन आखलेले होते. दोघींचे. क्षिप्राच्या चौकोनात तिची ठिकरी ठेवलेली होती, तिची पाळी अजून यायची आहे म्हणून.

तिने माठ भरला. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, पुढचे कित्येक महिने.

पाणी काठोकाठ राहिलं. अवनी पुन्हा आली नाही.

आता क्षिप्राताई त्याच घरात राहते. काका-मावशी गेले. बोअर सहा वर्षांपूर्वी आटला. टँकर येतो. चिमण्या कधी गेल्या ते तिला नेमकं सांगता येत नाही. तिला एकच मुलगा, ऋग्वेद. अवनीबद्दल तिने त्याला अवाक्षर सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. मला सांगितलं ते गेल्या वर्षी, आणि तसं कारण घडलं होतं.

ऋग्वेद जेवताना सहज म्हणाला, "आई, मोठेपणी मला मुलगी झाली ना, तर मी तिचं नाव अवनी ठेवणार."

ताईच्या हातातला डाव खाली पडला.

"का रे? कुठे ऐकलंस?"

"कुठे नाही. असंच."

"मला सगळं ठाऊक असणार आहे," ताई मला म्हणाली. तिचे ओठ कोरडे पडले होते. "ते चार दिवस कधी येणार ते मला ठाऊक असेल. आणि मी नातीला फक्त एवढंच सांगेन, की पोटभर पिऊन घे. दुसरं काही करता आलं असतं, तर अवनीची आजी होऊन मी रडले कशाला असते?"

 

ती अजून रोज माठ भरते. एकही दिवस चुकवत नाही.

या मेमध्ये मी तिच्याकडे गेलो होतो. दुपारचे दोन वाजले होते आणि लाईट गेली होती. मागच्या दारी माठ काठोकाठ भरलेला होता, वाळ्याचा वास येत होता. मला भयंकर तहान लागली होती.

पण त्या माठातलं पाणी मी प्यायलो नाही.