गार्नेट आणि मटारची पिशवी

"कुणीही हलायचं नाही! माझा गार्नेट गेला!"

मामा असे गरजले की लंबूचं बिस्कीट अख्खंच चहात बुडालं.

मामांना दगडांना पैलू पाडायचा भारी नाद. मामींच्या अंगठीसाठी एक काळपट, उजेडात धरला की लाल चमकणारा गार्नेट लाखेने काडीच्या टोकाला चिकटवून ते रोज चाकावर घासत. खालचे पैलू झाले होते. आता दगड काडीवरून सोडवायचा, उलटा चिकटवायचा आणि वरची बाजू घासायची. सगळ्यात वरचा मोठा पैलू भाची चिंगीने घासायचा, असा सुट्टी लागतानाच करार झाला होता.

"काल टेबल कुणी झाडलं?"

"मी," चिंगी म्हणाली. "पण मामा..."

"झालं! केरात गेला! आजपासून चाकाला हात लावायचा नाही!"

चिंगीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"रडतेस काय, शोधू की!" तिचा मावसभाऊ लंबू म्हणाला.

केरात काही नव्हतं. लंबूने दगडांच्या खणात हात घातला आणि किंचाळला, "ई! गिळगिळीत!"

ती फ्रीजरमधली मटारची पिशवी होती. पार वितळून फुटलेली!

"मटार काय चालत आले?" चिंगी पुटपुटली. मग एकदम उडालीच. "लंबू! मागचा दगड दिव्यावर तापवून सोडवताना तडकला होता ना? तेव्हा मामा म्हणाले होते, पुढचा गारठवून सोडवीन!"

"म्हणजे दगड फ्रीजरमध्ये, आणि मटार खणात? धन्य!"

दोघं स्वयंपाकघरात धावली. फ्रीजरमध्ये बर्फाच्या ट्रेवर काडी आडवी पडली होती. टोक बोडकं! दगड सुटून ट्रेत पडला असणार, आणि ट्रे रिकामा!

"मामी, बर्फ कुठंय?"

"सोनारकाका अंगठीचं माप घ्यायला आलेत. त्यांच्या द्राक्षाच्या सरबतात घातला."

"काका, गिळू नका!" बाहेरच्या खोलीत धावत चिंगी ओरडली.

सोनारकाका गाल फुगवून थिजले. दाताखाली कट्‌कन काहीतरी वाजलं. त्यांनी ते तळहातावर काढलं.

"बी दिसतेय."

"एवढी मोठी?" चिंगीने टॉर्च धरला. काळी बी निखाऱ्यासारखी लालभडक पेटली!

मागोमाग आलेले मामा खाली बघू लागले.

"वहिनी," सोनारकाका हसले, "ह्यांचे हात सोन्याचे, पण डोकं या पोरीचं वापरा!"

"चुकलो गं बाई," मामा म्हणाले. "करार म्हणजे करार. बस चाकावर."

"ती बसेल," मामी म्हणाल्या. "तुम्ही आधी तो खण पुसा!"

दुपारी चाक गरगरू लागलं. चिंगी जीभ दाताखाली धरून पैलू घासत होती, आणि तिच्या पायाशी बसून मामा खणातला एकेक चेपलेला मटार वेचत होते.