गोडाऊनमधली जपानी रांग

ही गोष्ट खरी आहे. ज्याला पटत नसेल त्याने शारजाच्या हमरिया फ्री झोनला जाऊन खुर्ची बघून यावी. गेटपास मात्र स्वतःचा काढावा. मुनीर परकार आता कुणासाठी काढत नाही.

वार शुक्रवार, गेल्या नोव्हेंबरातला. वेळ असरच्या नमाजानंतरची, म्हणजे बाहेर लख्ख ऊन. भुताच्या गोष्टीला अमावास्या लागते हे मुनीरलाही माहीत आहे. त्याला तेवढी सवलत मिळाली नाही.

मुनीर मूळचा राजापूरचा. आत्माराम बोरकरांच्या कंपनीत गोडाऊन मॅनेजर. जपानमधून जुना माल कंटेनर भरून येतो. सायकली, सोफे, कपबश्या. इथून तो पुढे आफ्रिकेला जातो. त्या मालाच्या नादाने मुनीरला जपानी सिनेमाचं वेड लागलं, आणि वेड लागलं की माणूस मंडळ काढतो. गोडाऊनच्या कोपऱ्यात, मराठी मंडळींसाठी, दर महिन्याला व्याख्यान. विषय: नव्या लाटेपासून आजपर्यंतचा जपानी सिनेमा.

सहा वर्षं झाली. लाट काही ओसरली नाही.

कारण दर वेळी नवे लोक. नवे लोक, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. साठचं दशक... टीव्हीने पळवलेलं गिऱ्हाईक... घाबरलेल्या स्टुडिओंनी पोरसवदा असिस्टंटांच्या हाती दिलेले कॅमेरे... एवढं होईतो समोसे यायचे. समोसे आले की खलास. शारजात सत्तर साल कधी उजाडलंच नाही.

"तुम्ही आधी आजचं सांगा, मग मागे जा," बायको अजरा म्हणायची.

"नव्या लाटेशिवाय आजचं कसं कळेल?"

"नव्या लाटेसकट तरी कुणाला कळलंय?"

लेक कशफ फोनमधून मान वर न काढता म्हणायची, "पपा, जस्ट सेंड द लिंक."

त्या शुक्रवारी आत्माराम स्वतः आले होते. "मुनीरभाई, या कोपऱ्यात माझे चाळीस फ्रिज मावतात. आज शेवटपर्यंत माणसं बसलेली दाखवा. नाहीतर तुमचं जपान बंद."

"किती माणसं, शेठ?"

"एक दाखवा. मी काही राक्षस नाही."

त्याच आठवड्याच्या कंटेनरमधून पाच खुर्च्यांची एक रांग आली होती. कुठल्याशा गावात थेटर पाडलं, तिथली. लाल मखमल, लोखंडी पट्टीवर ठोकलेली. सीट स्प्रिंगची. माणूस उठला की सीट आपोआप वर. ठप्प.

मुनीरने रांग पुढे मांडली. मागे प्लास्टिकच्या खुर्च्या. लोक आले. अर्थातच नवे.

त्याने दात आवळून साठ सालापासून सुरुवात केली.

दहा मिनिटांत बाहेर गाडी थांबली. समोसे.

मंडळी उठली. "जरा चहा घेऊन येतो हं, छान चाललंय." ठप्प. ठप्प. ठप्प. ठप्प.

आणि मग...

पाचवा ठप्प आलाच नाही.

कडेची सीट खालीच होती. तिच्यावर कुणी नव्हतं.

आत्माराम शटरपाशी उभे होते. "कोण बसलंय?"

"कुणी नाही. स्प्रिंग गेली असेल."

मुनीरने सीट हाताने उचलून पाहिली. हलली नाही. अडकल्यासारखी नव्हती. वजनाखाली असल्यासारखी होती. मखमल मधोमध दबलेली... आणि कोमट.

"मी माणूस म्हटलं होतं," आत्माराम हळूच म्हणाले. मग समोसा घेतो म्हणून बाहेर गेले. थोड्या वेळाने त्यांची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

बाकीच्यांच्या गप्पा, हसणं, फोर्कलिफ्टचं टीं-टीं... सगळं थांबलं. कुणीतरी आवाजाचं बटण पिळल्यासारखं.

शहाणा माणूस पळाला असता. पण सहा वर्षं! सहा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी समोशाला उठलं नव्हतं.

मुनीरने घसा खाकरला. "तर... सत्तर साल."

त्याचाच आवाज त्याला परका वाटला. हे शब्द या गोडाऊनने कधी ऐकलेच नव्हते. मोठे स्टुडिओ कोलमडले. जे तगले ते मिळेल त्या कमी पैशात चित्रपट काढू लागले. गावोगावची थेटरं बंद झाली, दारांना कुलपं लागली...

करर्र.

दुसरी सीट खाली आली. सावकाश. उशिरा आलेला माणूस इतरांना त्रास न देता बसतो, तशी.

ऐंशीचं दशक. तिसरी. चौथी.

मुनीरच्या मनात हाऊसफुल्लची पाटी लागली होती. नव्वदच्या दशकात तिथली भुतं देवळं-जंगलं सोडून फ्लॅटमध्ये राहायला आली, हे त्याचं आवडतं वाक्य. ते त्याने बदललं. "अदृश्य पात्रं," म्हणाला. उगाच कुणाची मनं कशाला दुखवा?

पाचवी सीट खाली आली.

शांत घरगुती सिनेमे झाले, थेटरं भरवणारे ॲनिमेशनपट झाले. तो आजपर्यंत पोचला. पोचला! "धन्यवाद," म्हणाला आणि प्रोजेक्टर बंद केला.

कुणी उठलं नाही.

पाचही सीटा खाली.

बाहेर जायचं तर रांगेसमोरूनच जावं लागत होतं. त्याने एक पाऊल टाकलं... आणि त्याला स्पष्ट जाणवलं, कुणीतरी त्याला वाट द्यायला गुडघे बाजूला घेतले.

तो मागे सरला. घामाने शर्ट भिजला होता. मग डोक्यात उजेड पडला. जपानात पिक्चर संपला म्हणून कोणी उठत नाही. शेवटी नावं येतात, ती सगळी बसून वाचतात. शेवटचं नाव गेलं, दिवे लागले, की मगच उठायचं.

आणि मुनीरने नावं दाखवलीच नव्हती.

"प्रोजेक्टर..." तो पुटपुटला, "मुश्ताक."

ठप्प.

"फोर्कलिफ्ट, याकूब."

ठप्प.

"समोसे, झुबेदा."

ठप्प.

"जागा... आत्माराम बोरकर."

ठप्प.

उरली एक. कडेची.

कुणाचं नाव राहिलंय, हे त्याला कळत होतं. "सादरकर्ते..." एवढं तो म्हणाला, आणि सीट करकरली. उठण्याआधी माणूस पुढे झुकतो ना, तशी.

मुनीरने तोंड मिटलं. शेवटच्या नावानंतर सगळे जातात. सगळ्यांत कोण-कोण धरायचं, हे त्याला विचारावंसं वाटलं नाही. भिंतीला पाठ घासत तो बाहेर पडला.

आत्मारामांनी शब्द पाळला. "एक बसलाय ना? कोपरा तुमचा," ते फोनवरून म्हणाले. तेव्हापासून त्यांनी गोडाऊनमध्ये पाऊल ठेवलेलं नाही. मंडळही येत नाही. हक्काची जागा, हक्काचा प्रेक्षक, आणि मुनीरला शब्द फुटत नाही.

"नाव सांगून मोकळे व्हा की," अजरा म्हणाली.

"तू सांगतेस?"

ती चहा टाकायला उठली.

मागच्या मंगळवारी एक नवा ड्रायव्हर माल घेऊन आला. सही हवी होती. शटरमधून आत वाकून तो खणखणीत आवाजात ओरडला, "मुनीर परकार कौन है?"

आणि आतून...

ठप्प.

मुनीर बरा आहे. डॉक्टरही तेच म्हणाले, शुगर सोडून. कामावर जातो, जेवतो, झोपतो. फक्त त्या दिवसापासून त्याला एक वाटत राहतं. कुणीतरी आपल्याआधी उठून पुढे गेलंय, आणि आपल्यासाठी दार धरून उभं आहे.