सातव्या दिवसाचं कडवं

ख्रिस्ती देवळात वेदीच्या पायरीशी एक माणूस पालथा पडला होता. किती तल्लीन होऊन प्रार्थना करतोय बिचारा, म्हणून ती पेटीवरचा हात थांबवून श्वास रोखून बसली. आणि त्याने खिशातून भिंग काढलं.

"अहो! देव काय भिंगातून शोधताय?"

"शंख आहे दगडात. कोट्यवधी वर्षांचा… या ना, तुम्हीही आडव्या व्हा."

"जीभ सांभाळा!"

तो कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे… बघायला."

ती वाकली. नखाएवढा शंख, इतका सुबक, की तिला तेच जास्त झोंबलं. रविवारी ती सृष्टी घडवण्याच्या सहा दिवसांवर गाऊन उपदेश करणार, आणि हा कॉलेजातला दगडमास्तर पायरीचं वय काढतोय!

"सहा दिवसांत झालं सगळं. पवित्र शास्त्रात लिहिलंय."

"मीही तेच शास्त्र वाचतो. पण सूर्य आला चौथ्या दिवशी. मग पहिले तीन दिवस कोणत्या घड्याळावर मोजले?"

ती तणतणत घरी गेली. तो मात्र रोज संध्याकाळी येऊ लागला. भिंग दगडावर, नजर पेटीकडे.

"आज सूर जरा चढला."

"तुम्ही दगडांचं बघा!"

"दगडांपाशी बसूनच कान तयार झालाय…"

हसू दाबताना तिचं खरंच सुरावरचं बोट घसरलं.

शनिवारी पायरीवर गालिचा ठोकलेला दिसला. मंडळीचे कारभारी, म्हणजे तिचे बाबा, दारात उभे होते. "भिंग हवं की देव, ते ठरवा आणि मग आत या," त्यांनी त्याला बजावलं. तो पाठ फिरवून निघाला. ती धावली.

"भांडत का नाही तुम्ही?"

"मला बाहेर काढणारं हे तिसरं देऊळ, बाई. सवय झालीय."

त्या 'सवय' शब्दाने तिच्या अंगाची लाहीलाही झाली. ती तशीच दाराशी परतली.

"बाबा, शंख कोणी केला?"

"देवाने. त्यात काय विचारायचं?"

"मग त्यावर खिळे कोणी ठोकले?"

"उद्या नीट गा," बाबा गरजले, "नाहीतर पेटीला हात लावायचा नाही!"

रविवारी तिने आधी गालिचा उपटला, मग गायला बसली. प्रत्येक दिवसाच्या कडव्यानंतर तेच ध्रुवपद— सांज सरली, पहाट झाली. सहाव्या कडव्यानंतर ती थांबली.

"इतकी वर्षं मी ध्रुवपद गातेय. कडवं किती लांब, हे ध्रुवपद कधी सांगतं का? देवाने एकेक कडवं किती युगं आळवलं, ते आपण घड्याळ लावून ठरवायचं? आणि त्याची कारागिरी जो डोळे भरून बघतो, त्यालाच दाराबाहेर काढायचं? लाज वाटते मला!"

तिने सातवं कडवं गायलं, देवाच्या विश्रांतीचं… आणि पेटी मिटली. बाबा तावातावाने पुढे आले. पायरीपाशी थबकले. चष्मा पुसला, लावला, हळूच वाकले.

बाहेर भिंतीला टेकून तो उभा होता.

"सातव्याला ध्रुवपद विसरलात."

"विसरले नाही. शास्त्रातच नाहीये ते. सातव्या दिवसाची संध्याकाळ अजून झालेलीच नाही."

"म्हणजे… अजून वेळ आहे?"

"कशाला?"

"विचारायला— की तुम्ही… जन्मभर…"

"विचारा की!" ती फणकारली. डोळे मात्र हसत होते. "पण कोट्यवधी वर्षं लावू नका."