शून्य न लावता

"लँडलाइनवर भूत? काय मामा, थापा!" सुदर्शन हसला.

पंढरीमामांनी शेकोटीत काटकी सरकवली. "भुताला रेंज लागते होय रे? गप ऐक. आपल्या खोडाळ्यातल्या पुष्पावहिनींचं आहे हे, घडलेलं." आणि ते सांगू लागले.

दोन हजार एकवीसची पौषातली संकष्टी, रविवार. रात्रीचे आठ वाजून गेलेले, चंद्रोदयाला अवकाश होता. पहिलटकरीण लेक सुनिता सुखरूप बाळंत व्हावी म्हणून वहिनींनी संकष्ट्या धरल्या होत्या, त्याही निर्जळी. घरात दोघीच. कळा एकाएकी वाढल्या आणि मोबाइलला रेंज नाही, म्हणून वहिनी घरच्या फोनकडे धावल्या. त्यावरून मोबाइलला लावायचं तर आधी शून्य दाबायचं, असा नियम नुकताच निघाला होता. वहिनींना तो ठाऊक होता. पण जीपवाल्याचा नंबर बोटांच्या सवयीचा. दहा आकडे भराभर दाबले आणि शून्य राहिलंच.

नंबर मूळचा नवशाचा. नवशा दिवाळीत घाटात वारला, तेव्हापासून जीप आणि फोन धाकटा भाऊ रूपेश सांभाळायचा.

शून्य राहिलं की फोनमधली बाई चूक सांगते. त्या रात्री बाई बोललीच नाही. रिंग गेली.

"बोला, काकू."

आवाज रूपेशचा नव्हता.

"कोण… नवशा?"

"निघालो बघा. सुनिताताईला दारात आणून ठेवा."

वहिनी त्याच्या दहाव्याला जाऊन आल्या होत्या. त्यांनी रिसीव्हर खाली ठेवला. ठेवला नाही तोच अंगणात हॉर्न वाजला.

"आई, गाडी आली!" सुनिता भिंतीला धरून उठली.

"बस खाली."

वहिनींनी कडी घातली. पुन्हा हॉर्न. मग काहीच नाही… मग दाराला लागूनच,

"काकू… उघडा."

वहिनींनी दाराला पाठ लावली.

"नवशा, गुणाचा होतास रे. दर अमावास्येला तुझा घास काढून ठेवीन. पण माझी लेक तुझ्या गाडीत बसायची नाही. बाप्पासाठी दिवसभर पाणी सोडलंय मी, तुला भिऊन दार सोडीन होय? माघारी फिर."

…

"फिर म्हटलं ना!"

शांत. रातकिडेसुद्धा शांत.

वहिनींनी पुन्हा फोन उचलला. आधी शून्य. मग दहा आकडे.

"मोखाड्यात आहे, काकू," रूपेश म्हणाला. "हा निघालोच."

तो आला. गाडी त्याने रस्त्यावरच थांबवली. दोघांनी सुनिताला धरून नेलं. मोखाड्याच्या दवाखान्यात तिला मुलगी झाली. दोघी सुखरूप. वहिनींनी तिथल्याच पायरीवरून चंद्राला अर्घ्य दिलं, मग घोटभर पाणी घेतलं.

घरी परतल्यावर त्यांनी अंगण सारवलं. दुपारपर्यंत सगळं वाळलं. ओल्या राहिल्या त्या फक्त दोन चाकोऱ्या. रस्त्यापासून थेट उंबऱ्यापर्यंत आलेल्या. परतीच्या नाहीत.

"मग?" सुदर्शन शेकोटीजवळ सरकला.

"मग काय? वहिनी रोज त्यांच्यावरच रांगोळी घालतात." मामांनी राख उकरली. "उन्हाळ्यातसुद्धा वाळत नाहीत."