क्रौर्यांक एक्याण्णव

हरकतीसोबत पुरावा जोडावा, असं जाहीर सूचनेत छापलं होतं, म्हणून सुलक्षणा तोडकरने तो जोडला. अर्ज, अर्जाच्या दोन नकला आणि नखाएवढा एक पेनड्राइव्ह. सांगलीच्या जिल्हा कार्यालयात आवक खिडकीवरच्या घोडके भाऊसाहेबांनी सगळं घेतलं, शिक्का मारला, पेनड्राइव्ह संगणकाला लावला आणि नोंद क्रमांक टाकायला गेले, तर अख्खा पडदा राखाडी झाला. मधोमध आकडा उमटला : ९१.

"ओ ताई! काय दिलंत हे मला?"

"तुम्हीच मागितलेला पुरावा," सुलक्षणा म्हणाली. तिच्या खांद्यावर अकरा महिन्यांची रेवा ओढणीचं टोक चावत होती. "आता आत जाऊ का? माझा नंबर सातवा हाय."

सहा महिन्यांपूर्वी देशातल्या प्रत्येक फोनमध्ये आणि संगणकात 'निरखी' बसवली गेली होती. ही प्रणाली चित्राचा अर्थ लावत नाही, ती फक्त मोजते. उघडी त्वचा किती, जखम किती, वेदनेने आवळलेला चेहरा किती, झटापट किती. त्यातून शून्य ते शंभरमधला एक आकडा निघतो, त्याला क्रौर्यांक म्हणतात. तो ऐंशीच्या वर गेला की चित्र झाकलं जातं आणि ते कुणाजवळ सापडलं याची नोंद केंद्राकडे जाते. चित्र फोनमध्येच राहतं, त्याची नक्कलही निघते, पण कोर्टाच्या हुकुमाशिवाय ते उघडत नाही. आजवर ती नुसती नोंद होती. नव्या विधेयकाने मात्र अतिक्रूर अश्लील चित्रण जवळ बाळगणं हाच गुन्हा ठरणार होता. तीन वर्षं कैद. ज्यांच्याजवळ असेल त्यांनी कायदा लागू झाल्यापासून महिन्याच्या आत पुसून टाकावं. त्याच विधेयकावरच्या हरकतींची आज सुनावणी होती.

सभागृहात उपजिल्हाधिकारी नीलांबरी साळगावकर बसल्या होत्या. बाईंचा आवाज शांत होता आणि कायद्यावर त्यांचा मनापासून विश्वास होता. सुलक्षणाने रेवाला शेजारी बसलेल्या हौसाक्काकडे दिलं. दोघी तासगावच्या एकाच बेदाणा कारखान्यात कामाला. हौसाक्का आज रजा टाकून आली होती, पोर सांभाळायला आणि कुणी आवाज चढवला तर त्याच्यावर चढवायला.

"तुमची हरकत थोडक्यात सांगा," साळगावकर म्हणाल्या.

"माझ्या फोनात एक फीत हाय. चाळीस सेकंदांची. माझ्या नवऱ्यानं माझ्यावर जबरदस्ती करताना काढलेली. ही पोटात होती तवा." सुलक्षणा थांबली. आदल्या रात्री रेवाला पाजताना तिने हे वाक्य सात-आठ वेळा म्हणून पाहिलं होतं. "मी घर सोडलं तसं त्यानं मला ती धाडली. म्हणाला, परत आली न्हाईस तर गावभर दाखवीन. मग मी कोर्टात गेले तसा त्यानं आपला फोन विहिरीत टाकला. आता त्याच्याकडं काय बी न्हाई. निरखी त्याला धुतल्या तांदळासारखा म्हणते. नोंद माझ्या नावावर हाय."

"पोलिसांत गेला नाहीत?"

"गेले की. त्यांनी आधी माझाच फोन मागितला."

"कोर्टात जमा करायची."

"वकील म्हणाले, कोर्टाचा संगणक असलं घेत न्हाई, तारखेला फोनच घेऊन या, तिथं न्यायाधीश हुकूम देऊन उघडतील. तारीख चार महिन्यांनी हाय. तुमचा कायदा पुढल्या महिन्यात. तो पोरीचा ताबा मागतोय, मॅडम. त्याला पोर का द्यायची न्हाई, एवढंच त्या फितीत हाय. दुसरं माझ्याजवळ काय सुदीक न्हाई."

साळगावकरांनी चष्मा काढला. "ताई, हा कायदा तुमच्यासारख्यांसाठीच आहे. असली चित्रं मिटक्या मारत बघणारे लोक आहेत, म्हणून ती काढली जातात."

"त्यांना धरा! मी नको म्हणते का? काढणाऱ्याला धरा, विकणाऱ्याला धरा. पण तुमच्या कागदात 'जवळ सापडलं' एवढंच लिवलंय. कुणाच्या अंगावर घडलं, कुणी केलं, कशापायी ठेवलं, कायच विचारायचं न्हाई?" तिचा आवाज चढला. तो उतरवायचा तिने प्रयत्नही केला नाही. "आमच्याकडं बेदाणा निवडायला यंत्र हाय. रंग बघतं आणि फेकतं. दाणा चांगला असला तरी सावली पडली की डागी म्हणून फेकतं. म्हणून त्या फेकलेल्या ढिगामागं आम्ही सहा बायका बसतो, परत निवडायला. बेदाण्यासाठी सहा बायका, मॅडम. तुमच्या यंत्राच्या मागं कोण बसलंय?"

"कोण न्हाई," हौसाक्का बसल्या जागेवरून म्हणाली. "खुर्चीच ठिवली न्हाई."

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. तेवढ्यात घोडके टॅब घेऊन लगबगीने आत आले.

"मॅडम, केंद्राकडून आलंय. ताबाधारक : हरकत सुनावणी कक्ष. जबाबदार अधिकारी म्हणून तुमचं नाव पडलंय. चोवीस तासांत खुलासा मागितलाय."

"माझं?" साळगावकर उभ्याच राहिल्या. "अहो, पुरावा आहे तो! कामासाठी घेतलाय. आम्ही काय हौसेने..."

त्या मध्येच थांबल्या. सुलक्षणा हसली नाही.

"मी तरी हौसेनं ठेवलंय का, मॅडम?"

खुलाशाच्या नमुन्यात कारणाचे तीन चौकोन होते : पोलीस, न्यायालय, प्रमाणित तपासणीस. साळगावकरांनी ते दोनदा वाचले. हरकत ऐकणाऱ्यासाठी चौकोन नव्हता. जिच्यावर घडलं तिच्यासाठीही नव्हता. खाली एक लाल पट्टी होती : नष्ट करा, नोंद रद्द होईल.

"दाबून टाका, मॅडम," घोडके हलक्या आवाजात म्हणाले. "निरखी फितीचा ठसा ओळखते. इथं पुसलं की ताईंच्या फोनातलंही जातं. दोघी सुटाल."

सुलक्षणाने रेवाला परत उचलून घेतलं. पोरगी झोपेला आली होती, आईच्या मानेत नाक घुसळत होती.

"दाबा," ती म्हणाली. "पण आधी एक सांगा. चार महिन्यांनी तो कोर्टात म्हणंल, मी बायकोला कधी बोटसुदीक लावलं न्हाई, माझी लेक मला द्या. तवा हिला माझ्या कडेवरून काढून त्याच्या हातात कोण देणार? तुम्ही, का हे यंत्र?"

साळगावकरांचं बोट पट्टीच्या वर तसंच राहिलं. रेवाने झोपेतच एक उसासा टाकला. मग बाईंनी टॅब टेबलावर उपडा ठेवला.

"पुसायचं नाही," त्या म्हणाल्या. "भाऊसाहेब, ताबाधारक म्हणून माझं नाव राहू द्या. यांची हरकत शब्दन् शब्द लिहून घ्या, बेदाण्यासकट. आजच वर पाठवू."

घोडक्यांनी लिहायला घेतलं. दोन ओळी झाल्या आणि त्यांनी मान वर केली.

"पण मॅडम, वर कुणी वाचलंच नाही, आणि महिन्याभरात कायदा झाला, तर तुम्हाला कोण सोडवणार?"